पुरावा अपुरा

सरांच्या लग्नाला पुरावा नाही, असं सर स्वतःच सांगायचे, आणि तेही काकूंच्या समोर.

“पत्रिका आहे की!” मी म्हणायचे.

“पत्रिका लग्नाच्या आधी छापतात. तिच्यावरून एवढंच सिद्ध होतं, की बेत होता. बेत तडीस गेला का, ते पत्रिका कसं सांगेल?”

“मग फोटो?”

“फोटोतल्या माणसाच्या तोंडासमोर मुंडावळ्या आहेत. त्यांच्यामागे कोणीही असू शकतो.”

मग आतून काकूंचा आवाज यायचा, “अहो, आणि ही चाळीस वर्षं पोळ्या लाटतेय ती कोण?” यावर सर खरोखर विचार करायचे. “हा परिस्थितीजन्य पुरावा झाला,” असं कबूल करायचे आणि गरम पोळी खायला उठायचे.

पंचवटीत आम्ही त्यांचे भाडेकरू. खाली ते दोघं, वर आम्ही तिघं. सर एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले. उंच, थोडे वाकलेले, बारा महिने पायात कॅनव्हासचे बूट. बाबांचं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान. बाबा मूळचे येवल्याचे. नाशकात वीस वर्षं काढूनही चिडले की त्यांची भाषा गाडी पकडून येवल्याला परत जायची.

सरांना नुसती तारीख सांगून चालायचं नाही. “वार?” असं लगेच विचारायचे. आपल्याला आला नाही, तर बोटांची पेरं मोजत, ओठ हलवत तेच काढून द्यायचे, आणि तो कधीही चुकायचा नाही. माझा जन्म मंगळवारचा, हे त्यांनी मी सहावीत असताना शोधलं. आई म्हणाली, छे, सोमवार होता, माझा उपास होता त्या दिवशी. सर म्हणाले, “मग वहिनी, तुम्ही उपास चुकीच्या दिवशी केलात.” आई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पण एकदा मी विचारलं, वाराचं एवढं काय घेऊन बसलात, तेव्हा म्हणाले, “पानिपत बुधवारी झालं. साधा बुधवार. सकाळी उठले तेव्हा त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं, की आपला धडा होणार आहे. तारीख पाठ करता येते गं, वार कळला की ती माणसं दिसायला लागतात.” मला ते इतकं पटलं, की मी त्या दिवशी जेवलेच नाही नीट. बाबा म्हणाले, सरांनी पोरीला कायतरी पाजलं.

त्यांच्या खिशात एक लाल-निळी पेन्सिल असायची. एका टोकाला लाल, एका टोकाला निळी, मध्ये सुतळी बांधून गुंडीला अडकवलेली. जे सिद्ध झालेलं नाही त्याच्याखाली लाल रेघ, जे सिद्ध झालंय त्याच्याखाली निळी. सरांनी वाचून झालेला पेपर दुपारी आमच्याकडे वर यायचा, तेव्हा तो कुंकवात पडल्यासारखा दिसायचा. निळी रेघ असली तर फक्त सूर्योदयाच्या वेळेखाली. तीसुद्धा रोज नाही. त्यामुळे पेन्सिलीचं लाल टोक झिजून झिजून सुतळीपर्यंत यायचं आणि निळं दुकानातून आणल्यासारखं कोरं राहायचं. मग काकू ती पेन्सिल फेकून नवी आणायच्या. टपरीवाल्याला वाटायचं, या बाईंच्या घरी बारा मुलं असावीत.

बाबांच्या दुकानावर पाटी होती, ‘येथे उत्तम झेरॉक्स मिळेल’. सरांनी एकदा जाता जाता ‘उत्तम’च्या खाली लाल रेघ ओढली. बाबा आधी भडकले. मग रात्री जेवताना म्हणाले, “खरं हाय त्यांचं. कडेला काळं येतंय चार दिसांपासून.” दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. तेव्हापासून बाबा सरांना वेडे म्हणायचे, पण आदराने.

आदराचं दुसरं कारण म्हणजे तो दाखला. शेजारच्या मुलाला नोकरीसाठी कुणा प्रतिष्ठित माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचं पत्र हवं होतं. सगळ्यांनी चार ओळी खरडून दिल्या. सरांनी लिहिलं, ‘सदर मुलास मी आळीत येता-जाता पाहिले आहे. त्यापलीकडे माहिती नाही.’ मुलाची आई रडली. त्या पत्राची झेरॉक्स बाबांकडेच निघाली होती. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सतरा वर्षं कागद काढतोय मी. पहिला खरा कागद बघितला.”

आता मला इतिहासाचं वेड कसं लागलं, ते सांगते. आमच्या जिन्याची चौथी पायरी तुटलेली होती. नववीच्या सुट्टीत मी कंटाळले, कंटाळले असं घोकत होते, तर सर म्हणाले, “त्या पायरीचा इतिहास लिही. कोणी तोडली, कधी तोडली.” मी वही घेऊन सगळ्या आळीत फिरले. सहा माणसांनी सहा गोष्टी सांगितल्या. कुणी म्हणालं भूकंप, कुणी म्हणालं मागच्या भाडेकरूचं कपाट, एका आजींनी तर माकडाचं नाव घेतलं. मी महिनाभर त्या पायरीवर बसून होते. शेवटी सरांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि खाली लाल पेन्सिलीने लिहिलं, ‘पुरावा अपुरा. काम उत्तम.’ सरांच्या तोंडून ‘उत्तम’! मी ती वही अजून जपून ठेवली आहे.

एकच गोष्ट त्यांना मुळीच खपायची नाही. पुस्तकात लिहिणं. पेपर आपला असतो, पाटी जगाची असते, पण पुस्तक पुढच्या माणसाचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा त्यांच्या पुस्तकात बॉलपेनने रेघ मारली. तीन दिवस मला खालच्या मजल्यावर बंदी होती. “पुस्तकात लिहिणाऱ्याचा हात कोपरापासून काढला पाहिजे,” असं ते काकूंना ओरडून सांगत होते, म्हणजे मला वर ऐकू जावं.

बारावी झाली आणि मी घरात जाहीर केलं, इतिहासात डिग्री करायची.

बाबा झेरॉक्सवाले. नोकऱ्यांचे अर्ज कोण करतं, कुणाला कितव्यांदा करावा लागतो, हे सगळं त्यांच्या काचेवरून जायचं. “इतिहासवाल्यांच्या मार्कशिटा मी पाठ म्हणून दाखवीन,” ते म्हणाले. “दर वर्साला येत्यात. त्याच मार्कशिटा, तीच पोरं. फकस्त केस कमी झालेले.” त्यांनी त्यांच्या एका मित्राच्या ओळखीने फार्मसीला माझी जागा बोलून ठेवली होती. महिनाअखेरच्या शनिवारी जाऊन सही करायची, की झालं.

मी रडले, जेवण सोडलं, सगळं नेहमीचं केलं. मग आई मध्ये पडली आणि बाबा थोडे नरमले. पुण्याला जायचं तर जा, म्हणाले, पण नीट ठिकाणी. इंटरनेटवर शोधून मी दोन विद्यापीठं काढली, दोन्ही पुण्यातलीच. एक टेकडीजवळ, एक नदीजवळ. आम्ही घरात त्यांना टेकडीवालं आणि नदीवालं म्हणायला लागलो, कारण त्यापलीकडे दोघांत फरक सापडेना. तीच चार वर्षांची डिग्री, तेच विषय, त्याच क्रमाने. दोन्हीकडच्या माहितीपत्रकात झाडाखाली पुस्तक घेऊन हसणारी मुलगी. इतिहास वाचून एवढं हसू कुणाला येतं, देव जाणे. दोघांकडेही ‘समृद्ध वारसा आणि उज्ज्वल भविष्य’.

बाबांनी दोन्ही माहितीपत्रकांच्या झेरॉक्स काढल्या, नातेवाइकांचा सल्ला घ्यायला. दुकानात गर्दी होती, पंखा फुल होता, आणि पानं उडाली. बाबांनी गोळा केली, पिना मारल्या आणि वाटून टाकली. येवल्याच्या काकांनी फोन करून सांगितलं, टेकडीवालं घ्या, हॉस्टेल झकास आहे. मावशीने सांगितलं, नदीवालं घ्या, शिक्षक अनुभवी आहेत. मालेगावच्या मामांनी तर रात्रभर वाचून तुलना केली. आणि मग आमच्या लक्षात आलं, की निम्मी पानं याची त्यात आणि त्याची यात गेली आहेत. सात माणसांनी वाचलं, एकालाही कळलं नाही. आम्ही ती पानं वेगळी करायला बसलो, तर आम्हालाही येईना.

सरांना हे ऐकून कोण आनंद झाला! “असा पुरावा मागून मिळत नाही,” म्हणाले.

“पुराव्याचं सोडा,” बाबा म्हणाले. “सर, आज बुधवार. शनिवारी फार्मसीची सही. तुम्ही हिला घेऊन जा, दोन्ही बघा आणि मला कागदावर लिहून द्या. तुम्ही म्हनलात हे चांगलं हाय, तर मी इतिहासाला पाठवतो. तुम्ही बहुधा-फिहुधा लिहिलं, तर शनिवारी आमी फार्मसीत.”

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाला ‘नक्की’ म्हटलं नाही, तो दोन दिवसांत एका विद्यापीठाला म्हणणार होता! काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, “फार्मसीसुद्धा वाईट नसते गं.” म्हणजे त्यांनाही आशा नव्हती.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. सिन्नर येईपर्यंत सर आदल्या दिवशीच्या पेपरात लाल रेघा ओढत होते. मग म्हणाले, “विद्यापीठाची इमारत बघायची नाही. शिक्षकांना भेटायचं नाही, ते चांगलंच बोलणार. ग्रंथालयात जायचं, इतिहासाच्या कपाटातली दहा पुस्तकं काढायची आणि शेवटचं पान उघडायचं.”

शेवटच्या पानावर काय असतं, तर तारखांची चिठ्ठी. पुस्तक कुणी घरी नेलं की ग्रंथालयवाले तिच्यावर परत करायच्या तारखेचा शिक्का मारतात. चिठ्ठी भरलेली असेल तर पुस्तक फिरतं. कोरी असेल तर शोभेला आहे.

टेकडीवाल्याच्या ग्रंथालयात आत गेल्या गेल्या थंडी वाजली. काचा, एसी, बसायला गुबगुबीत खुर्च्या. सरांनी दहा पुस्तकं काढली, मी एकेक चिठ्ठी उघडली, आणि मला नाचावंसं वाटलं. सगळ्या भरलेल्या! शिक्क्यांवर शिक्के! “सर, झालं!” मी म्हणाले. “हेच!”

सरांची बोटं पेरांवरून फिरत होती, ओठ हलत होते. एक चिठ्ठी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग ते उठून काउंटरवरच्या माणसाकडे गेले.

“रविवारी ग्रंथालय उघडं असतं का हो?”

“नाही सर. रविवारी बंद. पाटी आहे बघा.”

“मग या सगळ्या तारखा रविवारच्या कशा?”

तो माणूस तसा भला होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, “तपासणी समिती येणार होती सर. वापर दाखवावा लागतो. कितीतरी रविवार बसून आम्ही चौघांनी शिक्के मारले. मारताना त्या-त्या दिवसाचीच तारीख पडत गेली, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. समितीच्याही नाही.”

सर म्हणाले, “एवढे रविवार गेले तुमचे,” आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून बाहेर आले.

नदीवाल्याचं ग्रंथालय एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. एसी वगैरे काही नाही. टेबलाशी एक शिपाई पेंगत होते. आम्हाला बघून दचकून उठले, स्वतःच्या उपरण्याने बाक पुसला, आमच्यासाठी पंखा लावला. “इतिहास? बघा ना, निवांत बघा. कुणी येत नाही तिकडं,” म्हणाले. आम्ही दहा पुस्तकं काढली. नऊ चिठ्ठ्या कोऱ्या. एकीवर एक शिक्का होता, तोही उलटा.

सर पुस्तकांसमोर बसून राहिले. “एक खोटं बोलतंय,” ते म्हणाले, “आणि दुसरं गप्प बसलंय. काय लिहू मी तुझ्या बाबांना?”

मला माहीत होतं काय लिहितील ते. ‘पुरावा अपुरा’ हे दोन शब्द मला वहीवर आवडले होते, आता त्यांची भीती वाटत होती. मी म्हणाले, “सर, मला गोळ्या नाही मोजायच्या आयुष्यभर.” एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. ग्रंथालयात रडायची लाज वाटली म्हणून तोंड धुवायला बाहेर गेले. नळ लांब होता, आणि मी रडलेही भरपूर.

परत आले तर सर दारातच उभे, हातात तिथल्याच मशीनवर काढलेली एक झेरॉक्स. पुस्तकं जागेवर गेलेली.

“अकरावं पुस्तक काढलं,” ते म्हणाले. “बाजारपेठांवरचं, जाडं. पान बघ.”

पानावर येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं. लेखक म्हणत होता, ‘येवल्याच्या मागावर स्त्री कधीही बसली नाही, हे सर्वमान्य आहे.’ आणि समासात कुणीतरी हाताने लिहिलं होतं, ‘कुणाला मान्य? पुरावा?’ त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, तिरकं, ‘थांब. शोधतोय. सोडणार नाही.’

“विद्यार्थी,” सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “पुस्तकात लिहिलंय, म्हणजे हात तोडायला हवेत दोघांचे. पण भांडतायत. इतिहासावरून.”

शुक्रवारी सकाळी सरांनी बाबांना खाली बोलावून सहा पानं दिली. उपलब्ध साधनांवरून असे दिसते, तथापि, अन्य साधने उजेडात आल्यास. बाबांनी सहाही पानं मोजली आणि परत दिली. “सर, एक ओळ.”

सरांनी सुस्कारा सोडला. सातव्या पानावर लिहिलं, ‘हिला नदीवाल्या विद्यापीठात इतिहासाला पाठवावे. नक्की.’ आणि सही केली. स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या काकू तो शब्द वाचून उभ्याच राहिल्या. बाबांनी ओळ दोनदा वाचली. पण बाबा कागदवाले. “याला जोडपत्र काय?” असं विचारलंच.

सरांनी झेरॉक्स पुढे केली. बाबांनी ती खिडकीशी नेली, तिरकी धरली, उजेडात धरली. “मशीन बरी हाय त्यांची. दोन वेगळी अक्षरं हायेत. हे वरचं गडद आलंय, खालचं लय फिकं आलं. शाई येगळी असंल.” मग मजकूर वाचला आणि एकदम ओरडले, “साफ खोटं हाय हे! माझी आजी विणायची! तीन पदर तिनं काढले, आज्याचा हात मोडला होता तवा!”

“पुरावा?” सर म्हणाले.

बाबा तरातरा वर गेले. माळ्यावरची पेटी उतरवली आणि खाली घेऊन आले ते त्यांच्या आजीचा धोटा, मागातून धागा इकडून तिकडे नेणारा, लाकडाचा, हाताने गुळगुळीत झालेला. सरांपुढे ठेवला. “हा बघा. तिचं नाव कोरलंय.”

सरांनी तो दोन्ही हातांत घेतला, नाव वाचलं आणि किती तरी वेळ खाली ठेवला नाही.

“हे तिथं जाऊन सांगायला कुणी पायजे का नको?” बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, जसं काही मीच इतके दिवस फार्मसी फार्मसी करत होते. सरांची ती एक ओळ त्यांनी लॅमिनेट केली. अजून दुकानात आहे, देवाच्या फोटोशेजारी.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयात जाऊन ते जाडं पुस्तक मागितलं. म्हटलं, त्या दोघा भांडखोरांना शोधून काढू, मैत्री करू. पान उघडलं आणि मी बसलेच.

‘कुणाला मान्य? पुरावा?’ हे लाल होतं. ‘थांब. शोधतोय.’ हे निळं होतं. झेरॉक्सवर रंग येत नाहीत.

तिरकं अक्षर डाव्या हाताने काढलं असणार, चालत्या एसटीत लिहिल्यासारखं थरथरत होतं. मागची चिठ्ठी कोरी होती. ते पुस्तक कधी कुणी घरी नेलंच नव्हतं. पुस्तकात लिहिणाऱ्याचा हात कोपरापासून काढायला निघालेला माणूस, मी नळावर रडत असताना, शिपायाची नजर चुकवून दोन्ही हातांनी पुस्तकात लिहीत बसला होता. मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते. शिपायांनी विचारलं, काय झालं ताई, मी म्हणाले काही नाही, हे घरी न्यायचंय. त्या चिठ्ठीवरचा पहिला शिक्का माझा.

दिवाळीला घरी आले तशी बूट न काढता सरांच्या पुढ्यात जाऊन बसले. “सर, ते दोन विद्यार्थी मला सापडले.”

“अरे वा,” सर पेपरामागून म्हणाले.

“दोघं एकाच पेन्सिलीच्या दोन टोकांना राहतात.”

पेपर हलला नाही. “लाल-निळ्या पेन्सिली या राज्यात कितीतरी जणांकडे असतील. अक्षर डाव्या हाताचं असेल तर तुलना होत नाही. पुरावा अपुरा आहे.”

“डाव्या हाताचं, असं मी कुठं म्हणाले?”

पेपर आणखी वर गेला. स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या दाबत काकू म्हणाल्या, “चौथ्या पायरीचाही पुरावा अपुराच होता, नाही का हो? यांच्या हातातून गॅसचा सिलिंडर जिन्यात सुटला तेव्हा मी माहेरी होते असं यांना अजून वाटतं.”

“तू माहेरीच होतीस!” सर ताडकन उठून म्हणाले, आणि मग काय बोललो ते कळून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी आणि काकू पोट धरून हसलो. एका पायरीसाठी मी महिनाभर आळीत माकडाची चौकशी करत हिंडले होते!

जाताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. हळू आवाजात म्हणाले, “तिथल्या शिपायांनी आपल्यासाठी पंखा लावला होता. कुणी येत नाही, हेही लपवलं नाही त्यांनी. मला ते बरं वाटलं. बाकी काही माझ्याकडे नव्हतं, पोरी.” मी त्यांच्या पाया पडले. त्यांना ते आवडत नाही, तरी पडले.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गेल्या महिन्यात चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी मला ते जाडं पुस्तक पुन्हा हवं होतं. विषय अर्थातच येवल्याच्या मागावरच्या बायका. धोटा माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे. ग्रंथालयात गेले तर शिपाई म्हणाले, “ताई, ते बाहेर गेलंय. नंबर लावा.”

नंबर! मी दहा दिवस थांबले. पुस्तक आलं तेव्हा तिथेच उभ्या उभ्या ते पान उघडलं. लाल आणि निळ्याच्या खाली कुणीतरी काळ्या पेनने लिहिलं होतं, ‘सापडला का मग पुरावा?’ त्याच्याखाली हिरव्याने, ‘माझी आत्या विणायची, येवल्याचीच आहे.’ त्याच्याखाली ठसठशीत, ‘आत्या म्हणजे पुरावा नव्हे.’ मग पुन्हा हिरवं, ‘ये आणि माझ्या आत्याला तोंडावर सांग.’ समास संपला होता. भांडण पुढच्या पानावर गेलं होतं. मी शेवटचं पान उघडलं, चिठ्ठीवरचे शिक्के मोजले, ग्रंथालयाच्या पायरीवर जाऊन बसले आणि सरांना फोन लावला.

“सर, त्या पुस्तकावर अकरा शिक्के झालेत.”

“वार?”

पेरं मोजायला त्यांनीच शिकवली होती. मी आधीच मोजून बसले होते. “एकही रविवार नाही, सर.”

पलीकडून फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. मी हॅलो, हॅलो करत राहिले. बऱ्याच वेळाने काकू आल्या.

“काय सांगितलंस गं त्यांना? पेन्सिलीला टोक काढत बसलेत. निळ्या बाजूला.”